डॉक्टरांचा पोचा

४ ऑगस्ट, सोमवार

आज माझा अपमान झाला. करणाऱ्या बाईला तो केल्याचं कळलंसुद्धा नाही, म्हणून जास्त झोंबला.

सकाळी फाटकाशी गाडी पुसत होते. कोपऱ्यावरच्या शिवणकाकू आल्या. सगळी गल्ली त्यांना याच नावानं ओळखते, कारण सगळ्या गल्लीचे कपडे त्या शिवतात आणि कोणाची कंबर कधी वाढली हे त्यांना तोंडपाठ असतं. मापाची टेप गळ्यात तशीच होती. गाडीभोवती हिंडल्या, पोचे बघितले, ओरखडे बघितले, एका ठिकाणी कापडाचा पोत बघावा तसा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "बाई, मला गाडी शिकवाल?"

"शिकवीन की. पण चौकात ती नवी शाळा निघालीये, चकचकीत गाड्यांची. तिकडे नाही गेलात?" खरं तर मला चार कौतुकाचे शब्द ऐकायचे होते.

"गेले होते हो. त्या गाड्यांना हात लावायचा धीरच झाला नाही. मग तुमची बघितली. म्हटलं, हिचं मी आणखी काय वाईट करणार!"

वीस-बावीस वर्षं मी ही मोटार शिकवणी चालवते आहे. एक गाडी, एक मी. या शहरातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून रस्त्यावर गेली. आणि माझ्या गाडीची ही ख्याती! तरी नाव घातलं त्यांचं. नवी शाळा निघाल्यापासून माझ्याकडे तीनच विद्यार्थी उरलेत. आलेल्या चौथ्याला अपमानापायी परत पाठवण्याइतकी मी थोर नाही.

काकूंना घाई आहे. त्यांचे यजमान लांब पल्ल्याची बस चालवायचे. आता डोळ्यांच्या दोन्ही कडा गेल्या. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. परवाना रद्द झाला. घरची गाडी अंगणात उभी आहे. रोज संध्याकाळी ते तिच्यात जाऊन बसतात. सुरू करत नाहीत, नुसतं चाक धरून बसतात.

"आरसे नीट करतात बाई. रोज. मग कुलूप लावतात आणि आत येऊन म्हणतात, चहा टाक."

पाच ऑक्टोबरला पुतण्या येऊन ती गाडी घेऊन जाणार, असं यजमानांनी परस्पर ठरवून टाकलंय. त्याच्या आत काकूंना परवाना हवाय, आणि तोही नवऱ्याला कळू न देता.

"पण त्यांच्याकडूनच का नाही शिकत? जन्मभर बस चालवली त्यांनी."

"नवऱ्याकडून शिकले तर गाडी येईल, पण नवरा जाईल."

मग नेहमीप्रमाणे त्यांना गाडीभोवती फेरी घालून आणली. ही माझी जुनी शिस्त आहे. नवा विद्यार्थी आला की चाकावर बसण्याआधी त्याला पोचे दाखवायचे. मागच्या दारावरचा तो डॉक्टरांचा, दवाखान्याच्याच भिंतीवर मारलेला. शेजारचा लांब ओरखडा मुख्याध्यापिकांचा. त्या खांबाला "बाजूला हो" म्हणाल्या होत्या आणि खांब हलला नाही. बॉनेटवरची खळी पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांची. त्यांनी ब्रेक समजून भलतंच दाबलं. मागचा बंपर ज्याचा, तो आज अग्निशामक दलाचा बंब चालवतो. ही फेरी मी धाक बसावा म्हणून घालते. आपण काय नुकसान करू शकतो हे माणसाला आधी कळलं पाहिजे. पण काकूंना काही धाक बसला नाही. बंबवाल्यापाशी पोचेपर्यंत तर त्या डोळे पुसत हसत होत्या.

पाय मात्र सोन्याचा. जन्मभर शिलाई मशीन मारलेला पाय! क्लच असा सोडला की गाडीलासुद्धा कळलं नाही. वळणावर चाक कडेच्या दगडावर चढलं तर "अगंबाई" म्हणाल्या, हसल्या आणि उतरवलं. मला माझ्या बाजूच्या ब्रेकला पाय लावावा लागला नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

"हिचं मी आणखी काय वाईट करणार." भाजी चिरताना ऐकू येतं, पेपर वाचताना ऐकू येतं. गाडी रंगवायची. ठरलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

मोठ्या वर्कशॉपमध्ये जाऊन आले. काचेची केबिन, गुबगुबीत खुर्ची, टाय लावलेला तरुण. त्यानं गाडी बघितली नाही, संगणकात बघून आकडा सांगितला. मी विचारलं, यात गाडीला रंग मिळणार की रंगाबरोबर दुसरी गाडी? तो हसला नाही. त्यांच्या हसण्याचेही वेगळे पैसे पडत असावेत.

घरी येऊन यांना सांगितलं. आमचे हे निवृत्त ग्रंथपाल. जन्मभर लोकांना "हळू बोला" सांगण्यात गेला आणि लग्न माझ्याशी केलं.

"अगं, पण रंग हवाय कशाला?" हे म्हणाले. "गेल्या महिन्यात वाचनालयात तूच बोललीस ना, दिखाऊपणा हा समाजाचा क्षयरोग आहे म्हणून? टाळ्या पडल्या होत्या."

"तो दिखाऊपणा. ही प्रतिष्ठा."

"फरक काय?"

"दिखाऊपणा दुसऱ्याचा असतो."

हे वर्तमानपत्रामागे गेले. मी सोडलं नाही. त्यांना मुद्देसूद सांगितलं की मोठ्या वर्कशॉपच्या चौथ्या हिश्शात रंगवून देणारे लोक आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, रंग तोच असतो, फक्त काच आणि टाय नसतो. ज्या गाडीचं वयच झालंय तिला शंभर वर्षं टिकणारा रंग कशाला?

"स्वस्तातलं महाग पडतं," पेपरामागून आवाज आला.

"म्हणी म्हणजे विचार करायचा कंटाळा! असल्या म्हणींनीच गरीब माणसाला भित्रं करून ठेवलंय. स्वस्तातलं स्वस्त पडतं. गणित आहे ते."

"बरं. मग तुझ्या गणिताला थोडी वळायला जागा ठेव."

९ ऑगस्ट, शनिवार

रंगवाला सापडला. गोदामांच्या मागच्या गल्लीत शेड आहे. माणूस बोलका. बोलका कसला, मला तोडीस तोड. गाडीला एक चक्कर मारली, थांबून छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, आरसा करून देतो. या दारात बघून वेणी घाला."

मी विचारलं, हे एवढे पोचे पत्रा ठोकून सरळ करणार का?

"ठोकायचं कशाला? ठोकणारे जुन्या काळचे. आपण पुट्टी भरतो. खड्डा तिथे पुट्टी. वरून घासतो, वरून रंग. सपाट! तुमच्या घरच्यांना ओळखू येणार नाही."

"आणि टिकेल किती?"

"ताई, तुमचं-माझं काय टिकतंय?"

या उत्तरात तत्त्वज्ञान आहे हे मान्य करायला हवं. मी रंग मोतियाच ठेवणार होते, पण तो म्हणाला लाल घ्या, लालमध्ये चुका झाकतात. मी म्हटलं, चुका कसल्या? तो म्हणाला, "तुमच्या विद्यार्थ्यांच्या हो." पटलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

गाडी आली!

खरोखर आरसा आहे. मी दारात स्वतःला बघितलं, थोडी लांबट दिसते, पण दिसते. एकही पोचा नाही. डॉक्टर गेले, मुख्याध्यापिका गेल्या, पोहायचे मास्तर बुडाले. गल्लीतले लोक थांबून बघत होते. मी फाटकावर उभं राहून जवळजवळ भाषणच केलं.

हे बाहेर आले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि म्हणाले, "छान आहे. पण डावी बाजू टोमॅटो आहे आणि उजवी वीट."

"उन्हाचा फरक आहे."

"ढगाळ आहे आज."

लाल रंगाचा डबा मधेच संपला असणार आणि त्यानं दुसरा कालवला असणार. पण मी विचारते, गाडीच्या दोन्ही बाजू एकदम बघतो कोण? खिडक्यांच्या रबरावरही लाल शिंतोडे आहेत, बॉनेट उघडलं की आत जुना मोतिया रंग तसाच. बॉनेट मी उघडणारच नाही.

शिवणकाकूंना सीटची नवी कव्हरं शिवायला सांगितली. आतून-बाहेरून शोभली पाहिजे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काकू शिकवणीला आल्या आणि फाटकातच थबकल्या.

"ही कोणाची?"

"आपलीच!"

"अगंबाई." या वेळचं अगंबाई वेगळं होतं. त्यांनी पदरानं हात पुसले आणि मग दाराला हात लावला. मी म्हटलं, बांगड्या जरा मागे सारा, ओरखडा येईल. फेरी घालायचा प्रश्नच नव्हता. दाखवायला काही उरलेलं नाही. त्याऐवजी मी नव्या सूचना दिल्या. झाडाखाली उभी करायची नाही, भिंतीपासून हातभर लांब, दार आपटायचं नाही, कडेच्या दगडाच्या जवळपास जायचं नाही.

काकूंनी आज गाडी चार वेळा बंद पाडली. सोन्याच्या पायाला काय झालं कोण जाणे. वय झालं की शिकण्यात असे चढउतार येतात, कुठेतरी वाचलंय.

२७ ऑगस्ट, बुधवार

विद्यार्थ्यांत गोडी उरली नाही. औषधांच्या दुकानातला तो मुलगा, गेल्या महिन्यात भर बाजारातून गाडी काढायचा, आज वळायला रस्ता रिकामा होण्याची वाट बघत बसला. रिकामा झाला तरी बसला. मागून भोंग्यांची आरती! मी ओरडले तर म्हणतो, "बाई, तुम्ही 'रंग' म्हणालात, मला वाटलं थांबायचंय."

मी "रंग" म्हणाले? मी "ब्रेक" म्हणाले असेन. मुलांचं लक्षच नसतं हल्ली.

२ सप्टेंबर, मंगळवार

गाडी थांबताना कर्रकर्र आवाज करत होती म्हणून मिस्त्रीकडे नेली. त्यानं चाक काढून ब्रेकचे पॅड दाखवले. झिजून पापुद्रा झालेले.

"बाई, हे उन्हाळ्यात तर टाकले होते. तुमच्या गाडीला एरवी वर्षभर जातात. करता काय तुम्ही?"

मी काय करणार? मी शिकवते. हल्ली मालच असा येतो. कारखानदारांना माणसाच्या जिवाची किंमत नाही, यावर मी त्याला पंधरा मिनिटं सांगितलं. तो नवे पॅड बसवता बसवता "हो बाई, हो बाई" म्हणत होता. उजव्या पायाची पोटरी दुखते आहे. चालणं वाढवायला हवं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

औषधाच्या दुकानातला मुलगा सोडून गेला. चौकातल्या शाळेत नाही गेला, शिकणंच सोडलं. म्हणतो, सायकल बरी. ही पिढी! संकट दिसलं की पाय मागे. आमच्या वेळी आम्ही... जाऊ दे. वाचनालयात यावर बोलेन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काकूंची परीक्षा. नापास.

मी मैदानाच्या कठड्यापाशी उभी होते. सरळ नेली, वळवली, सगळं मापात. मग दोन खांबांच्या मधे मागे घ्यायची होती. काकूंनी गाडी खांबांपर्यंत आणली आणि थांबल्या. परीक्षक काहीतरी म्हणाला. काकू बसून राहिल्या. तो पुन्हा म्हणाला. काकूंनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग तो उतरला आणि कागदावर फुली मारली.

"काय झालं हो काकू? जागा तर बैल जाईल एवढी होती!"

"घासली असती तर, बाई?"

"काय?"

"गाडी. तुमची. नवी कोरी." आणि रडायला लागल्या.

मी त्यांना समजावलं की आत्मविश्वास म्हणजे काय, भीतीचं मूळ कशात असतं, मोठमोठी माणसं कशी पडून उठली. घरापर्यंत बोलत होते. उतरताना त्यांनी दार इतक्या हळू लावलं की ते लागलंच नाही, मला पुन्हा लावावं लागलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

काकू आल्या नाहीत. निरोप आला, "राहू दे बाई आता. पुतण्याला गाडी देऊ, म्हणजे ते तरी सुटतील. कव्हरं मात्र पुरी करून देते, घेतलेलं काम मी टाकत नाही."

विद्यार्थी दोन उरले. आरसा फाटकाशी उभा आहे. कोणी वेणी घालायला येत नाही.

यांना विचारलं, माझं शिकवणं बिघडलंय का? स्पष्ट सांगा. हे बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "शिकवणं तेच आहे. काल त्या मुलीला शिकवत होतीस तेव्हा मी मागे बसलो होतो ना, बाजारात उतरायला?"

"मग?"

"माझं नाक दोनदा तुझ्या सीटवर आपटलं."

"ती मुलगीच तशी चालवते."

"चाक तिच्या हातात होतं. थांबवत कोण होतं ते मला मागून दिसलं नाही."

काय बोलतात, कळत नाही. ग्रंथपालांना सरळ वाक्य बोलण्याची सवय नसते.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज जे झालं ते क्रमानं लिहिते, कारण अजून संताप गेलेला नाही.

काकू दहा वाजता कव्हरं घेऊन आल्या. फार सुरेख शिवलीत, कडेला दुहेरी टीप. त्यांनी स्वतःच बसवायला घेतली. पुढची झाली, मागची झाली. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. हात भरलेले म्हणून मागचं दार त्यांनी सवयीनं ढुंगणानं लावलं. धाडकन.

आणि रस्त्यावर काहीतरी पडलं. थाप.

आम्ही दोघी वाकून बघायला लागलो. थाळीएवढी खपली होती, वरून लाल आणि आतून करडी. दारावर वर बघितलं तर तिथे खड्डा, आणि खड्ड्यात आपला मोतिया रंग.

"अहो बाई, हे काय निघालं?"

"डॉक्टर!" मी ओरडले.

काकूंच्या तोंडून आधी नुसताच एक आवाज आला. मग त्या फाटकाला धरून हसायला लागल्या. मला हसायचं नव्हतं. माझ्या कष्टाचे पैसे रस्त्यावर पडले होते. पण काकूंनी शेजारच्या ओरखड्यापाशी नख घातलं, आणि कपड्याची उसवलेली शिवण निघावी तशी पुट्टीची लांबच लांब पट्टी निघून आली. "मुख्याध्यापिकाबाई, या, बाहेर या," म्हणाल्या. मग पुढे जाऊन बॉनेटवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला. "मास्तर अजून बुडालेलेच आहेत, पण फार दम धरतील असं वाटत नाही."

माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी ती डॉक्टरांची खपली उचलली आणि म्हटलं, या माणसाच्या शेडमध्ये जाऊन ही त्याच्या टेबलावर आपटणार. आत्ता. पण खपली दोन्ही हातांत धरलेली, किल्ली लावायला हात कुठला? मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि म्हटलं, "काकू, चला!"

"मी?"

"मग काय मी? या हातांनी? चला म्हणते ना!"

पूर्ण रस्ताभर मी मांडीवर खपली दोन्ही हातांनी धरून भाषण जुळवत होते. तुटू द्यायची नव्हती ना, पुरावा होता तो. सुरुवात विश्वास या शब्दानं करायची, मग श्रमाची प्रतिष्ठा, मग फसवणुकीचा इतिहास, आणि शेवटी ही खपली. डोळे मिटून दोनदा म्हणून बघितलं. मधे काकूंनी विचारलं, "बाई, बाजारातून घेऊ का बाहेरून?" मी म्हटलं, कुठूनही घ्या, मला बोलू द्या. कुठेतरी जरा घासल्याचा आवाज आला. "अगंबाई," काकू म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. मी तेव्हा श्रमाच्या प्रतिष्ठेपाशी होते.

शेडपुढे त्यांनी गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे उभी केली. नुकत्याच रंगवलेल्या, ओल्या गाड्यांच्या मधे! हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात येतं आहे.

रंगवाल्यानं माझं सगळं भाषण मन लावून ऐकलं. शेजारच्या दुकानांतले लोकही जमले होते. खपली टेबलावर आपटल्यावर एकानं तर टाळी वाजवली. मग तो म्हणाला, "ताई, मी काय म्हणालो होतो?"

"आरसा करून देतो म्हणालात!"

"बरोबर. आरसा कोणी आपटतं का?"

त्यानं पुन्हा भरून द्यायची तयारी दाखवली. फुकट. आज ठेवून जा, चार दिवसांनी या. मी हो म्हणणार एवढ्यात काकूंनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"नको हो बाई. राहू द्या अशीच."

"अशीच? हे खड्डे घेऊन?"

"मला त्या डॉक्टरांशी बोलल्यासारखं वाटतं." आणि मग, "परीक्षेची तारीख पुन्हा घ्याल का?"

घेतली.

२४ सप्टेंबर, बुधवार

बॉनेटवरचे मास्तर वर आले. काकूंनी थांबवून टाळ्या वाजवल्या.

३० सप्टेंबर, मंगळवार

पास!

परीक्षक तोच होता. गाडीपाशी आला, दारातला खड्डा बघितला, लाल-मोतिया ठिगळं बघितली, आणि काकूंना म्हणाला, "हे तुम्ही केलंत?"

"छे छे, हे एका डॉक्टरांनी," काकू म्हणाल्या. "आणि तो मागचा बंपर आहे ना, तो माणूस आता आगीचा बंब चालवतो. बसा, सांगते."

मागे घेताना खांबापासून चार बोटं अंतर राहिलं. त्यांचं बोलणं चालूच होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी आम्ही दोघं फाटकाशी खुर्च्या टाकून बसलो होतो. लांबून एक निळी गाडी हळूहळू येताना दिसली. चाकावर शिवणकाकू. शेजारी त्यांचे यजमान, ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर. मागे पुतण्या, मांडीवर स्वतःची पिशवी घेऊन.

मग सगळं कळलं. पुतण्या दुपारी आला. यजमान त्याला किल्ली देण्याआधी शेवटचं गाडीत बसायला गेले, तर चाकावर काकू.

"मी म्हटलं, अगं ऊठ, मला बसू दे," यजमान आम्हाला सांगत होते. "तर म्हणते, तुम्ही तिकडे बसा. आणि परवाना काढून दाखवला मला! मला! जन्मभर मी लोकांना तिकडे बसवलं. पहिल्यांदाच बसलो. आणि तुम्हाला सांगतो, या बाजूनं खिडकीबाहेर बघायला मिळतं. मान वळवून बघितलं की सगळं दिसतं हो! चालवताना मान वळवता येत नाही, म्हणून परवाना गेला. बसणाऱ्याला कोण अडवतंय?"

"आणि तू रे?" मी पुतण्याला विचारलं.

"मला स्टँडवर सोडतायत," तो म्हणाला. "काका म्हणाले, गाडी काही एवढ्यात नाही मिळायची."

यजमानांनी माझ्याकडे वळून विचारलं, "क्लच कोणी शिकवला हिला?" मी म्हटलं, शिलाई मशीननं. ते म्हणाले, "मला सांगायची हिंमत झाली नाही हिची. मी ओरडलो असतो, हे खरं आहे." काकू म्हणाल्या, "येताना दोनदा ओरडलात." ते म्हणाले, "ते भोंग्याऐवजी."

निघायची वेळ झाली. गल्ली अरुंद, गाडी मागे घेऊन वळवायला हवी होती. आमची लाल गाडी फाटकापुढे उभी. काकूंनी मागचा गिअर टाकला. आणि यजमानांना जन्मभराची सवय! ते खाली उतरले, मागे जाऊन उभे राहिले, हात वर केला आणि आपल्या बसला सांगायचे तसं सांगायला लागले.

"येऊ दे. येऊ दे. अजून येऊ दे."

आता आमची गाडी होती त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे बरोबर जिथलं त्यांना दिसत नाही तिथे. पण आवाज असा होता, एवढा भरवशाचा, की कोणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. मला आली नाही. यांना आली नाही. काकूंनी नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून गाडी येऊ दिली.

धडाम.

"थांब," यजमान म्हणाले.

काकू उतरल्या. आमच्या गाडीच्या पुढच्या दारावर, आरशाच्या शेवटच्या धड तुकड्यात, छान बशीएवढा खड्डा पडला होता. लाल रंगाची एक खपली सावकाश सुटली आणि खाली पडली.

काकूंनी खड्ड्यावर अंगठा फिरवला. "बाई," त्या म्हणाल्या, "हा माझा की यांचा?"

"निम्मा निम्मा घ्या," आमचे हे म्हणाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नवी विद्यार्थिनी आली. दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात यंत्र फिरवते, पण गिअर बघून घाम फुटतो. तिला फेरी घालून आणली. डॉक्टर, मुख्याध्यापिका, मास्तर, बंबवाला. पुढच्या दारापाशी ती थांबली.

"आणि हा?"

"हा शिवणकाकूंचा. परवाना मिळाल्यानंतरचा."

"नंतरचा?" ती म्हणाली आणि एकदम हसली. खांदे खाली आले तिचे. धाक म्हणून काही राहिला नाही जगात. तिच्या दोन मैत्रिणींनाही शिकायचं आहे म्हणे. औषधाच्या दुकानातला मुलगाही काल फाटकाशी रेंगाळत होता, खड्डे मोजत.

संध्याकाळी यांनी विचारलं, "मग? स्वस्तातल्या रंगाचे पैसे वसूल झाले म्हणायचे का?"

"दमडीन् दमडी."

"उरलाय कुठे रंग? टोमॅटो पिकून गळला, वीट निम्मी पडली."

"म्हणूनच. महागातला घेतला असता तर टिकला असता."

यांनी पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. असं ते क्वचितच बघतात. पुढच्या महिन्यात वाचनालयात यावर बोलणार आहे. विषय अजून ठरायचाय, टाळ्या ठरल्यात.

जाता जाता एक नोंद. मिस्त्रीकडे सहज दाखवून आले. नवे ब्रेक पॅड दीड महिना झाला तरी जवळजवळ कोरे आहेत, पोटरीही दुखायची थांबली. माल चांगला लागला या खेपेला. त्याला सांगून ठेवलंय, यापुढे याच कंपनीचे टाकत जा.